स्पेसर घेण्याआधी हब मोजा: जाडीचा प्रश्न सगळ्यात शेवटी

पुण्याच्या नाना पेठेत अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात उभं राहून "स्विफ्टसाठी स्पेसर दाखवा" म्हटलं की समोरून पहिला प्रश्न येतो, "किती एमएमचा?" खरं तर हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. स्पेसर म्हणजे हब (चाक ज्याच्यावर बसतं तो फिरणारा भाग) आणि चाक यांच्या मध्ये घालायची धातूची जाड चकती. ती तुमच्या हबवर नेमकी बसते का, तिच्यावर चाक मध्यावर टेकतं का, आणि नटाला धरायला स्टडवर, म्हणजे हबमधून बाहेर आलेल्या आट्यांच्या दांड्यांवर, पुरेसे आटे उरतात का, एवढं आधी कळलं पाहिजे. ते कळलं की जाडी आपोआप ठरते, आणि बहुतेक वेळा ती मनात धरलेल्या जाडीपेक्षा कमीच निघते.

गरज आहे का, ते आधी बघा

स्पेसर लावायची रास्त कारणं दोन. नवं अ‍ॅलॉय आतून शॉक अ‍ॅब्सॉर्बरला किंवा ब्रेक कॅलिपरला लागतंय, हे एक. नव्या अ‍ॅलॉयचा ऑफसेट कंपनीच्या चाकापेक्षा जास्त असल्याने चाक आत गेलंय आणि ते मूळ जागी आणायचंय, हे दुसरं. गाडी रुंद आणि दणकट दिसावी, हे तिसरं कारण सगळ्यात जास्त ऐकू येतं. त्यासाठी स्पेसरऐवजी कमी ऑफसेटचं अ‍ॅलॉयच घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. दिसणं तेच मिळतं आणि हब व चाकाच्या मध्ये एक जादा जोड येत नाही.

स्पेसरने रस्त्यावरची पकड वाढते असंही सांगितलं जातं. हिशेब करून बघा: दोन्ही बाजूंना १० मिमी म्हणजे दोन चाकांमधलं अंतर २० मिमीने वाढलं. हॅचबॅकमध्ये हे अंतर साधारण दीड मीटर असतं, म्हणजे वाढ झाली सव्वा टक्क्याच्या आसपास. चांगले टायर आणि योग्य हवा यांचा फरक याहून कितीतरी जास्त पडतो.

ऑफसेटचं गणित मात्र डोक्यात पक्कं हवं. रिमच्या रुंदीची मध्यरेषा आणि हबवर टेकणारा पृष्ठभाग यांच्यातलं अंतर म्हणजे ऑफसेट. चाकाच्या मागे तो 'ईटी ४५' असा कोरलेला असतो. ईटी ४५ च्या चाकामागे १० मिमीचा स्पेसर आला की ते चाक ईटी ३५ च्या जागी जाऊन बसतं. रिमची रुंदी बदलत असेल तर दोन्ही आकडे एकत्र धरायचे. समजा कंपनीचं चाक ६ जे (म्हणजे रिम ६ इंच रुंद), ईटी ४५ आहे आणि नवं ७ जे, ईटी ४०. रिम एक इंचाने रुंद झाली म्हणजे दोन्हीकडे १२.७ मिमी वाढली. ऑफसेट ५ मिमीने कमी झाल्याने सगळं चाक तेवढं बाहेर आलं. म्हणून बाहेरची कड १७.७ मिमी बाहेर गेली आणि आतली कड ७.७ मिमी आत. शॉकपाशी आधी १० मिमी जागा असेल तर आता २.३ मिमीच उरली. इथे ३ मिमीचा स्पेसर लावला की आतली जागा ५.३ मिमी होते आणि बाहेरची कड एकूण २०.७ मिमी बाहेर येते. टायर आणि शॉक यांच्यात किमान ५ मिमी आणि रिम व कॅलिपर यांच्यात किमान ३ मिमी फट ठेवा. कागदावर हा हिशेब केल्याशिवाय दुकानात जाऊ नका.

चाक नेमकं कशावर टिकतं

चाकाचा सगळा भार स्टडवर असतो, असा समज सर्रास आढळतो. स्टडचं खरं काम चाकाला हबवर दाबून धरण्याचं आहे. स्वच्छ, कोरड्या आट्यांवर १२ मिमीचा नट १०० न्यूटन-मीटरने आवळला की एक स्टड अंदाजे ४ टनांच्या जोराने चाक दाबतो. चार स्टडचे झाले १६ टन. या दाबामुळे दोन पृष्ठभागांत जे घर्षण तयार होतं, ते चाकाला जागेवर ठेवतं. गाडी ब्रेक लावते, वळते, खड्ड्यात आपटते, तो सगळा मार हे घर्षण झेलतं.

स्पेसर आला की एका जोडाचे दोन जोड होतात. त्यांपैकी कुठेही गंजाचा पापुद्रा, रंगाचा जाड थर किंवा वाळूचा कण राहिला तर पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये तो दबतो, भुगा होतो आणि नटाचा ताण उतरतो. मग चाक केसभर हलायला लागतं, प्रत्येक फेऱ्याला स्टड वाकतो आणि सरळ होतो. लोखंडी तार वाकवून वाकवून तोडतात तसाच तो तुटतो. एकदम जोर आल्याने स्टड तुटणं विरळा, सैल राहून थकून तुटणं नेहमीचं.

बेअरिंगवरही भार वाढतो. पुढच्या एका चाकावर ३०० किलो भार आहे असं धरा. १५ मिमीच्या स्पेसरने बेअरिंगवर सुमारे ४४ न्यूटन-मीटरचा जादा पीळ येतो, तोही गाडी उभी असताना. खड्ड्यात तो काही पटींनी वाढतो. स्टिअरिंगचंही तसंच. पुढचं चाक ज्या रेषेभोवती वळतं ती रेषा जमिनीला जिथे टेकते आणि टायरचा मध्य जिथे टेकतो, त्यांतलं अंतर कंपनीने विचार करून ठरवलेलं असतं. स्पेसरने टायर त्या रेषेच्या बाहेर सरकतो. एक चाक खड्ड्यात किंवा ओल्या पट्ट्यावर आणि दुसरं कोरड्यावर असताना ब्रेक मारला तर स्टिअरिंग हातातून ओढल्यासारखं वाटतं, त्याचं कारण हे आहे. पुढच्या चाकांना म्हणूनच मागच्यापेक्षा जास्त सांभाळून वागवायचं.

मोजमाप

हत्यारं फार लागत नाहीत: १५० मिमीचा व्हर्नियर, पिच गेज (दोन आट्यांमधलं अंतर बघायला), एक ओळंबा, मार्कर आणि वायर ब्रश. एक चाक काढा, नुसत्या जॅकवर विसंबू नका, स्टँड लावा.

पहिला पीसीडी, म्हणजे सगळ्या स्टडच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. चार स्टडच्या गाडीत समोरासमोरच्या दोन स्टडचं बाहेरून बाहेर माप घ्या आणि स्टडची जाडी वजा करा. ११२ मधून १२ गेले की १००. पाच स्टडला समोरासमोर स्टड नसतो. तिथे शेजारच्या दोन स्टडच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर घ्या आणि १.७०१ ने गुणा. ६७.२ मिमी आलं तर पीसीडी ११४.३. माप चोख घ्या, कारण ११२ च्या पीसीडीला हेच अंतर ६५.८ येतं, फरक जेमतेम १.४ मिमीचा. '११२ आणि ११४.३ एकमेकांत चालतात' असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. नट तिरके बसतात, नटाचा शंकूसारखा निमुळता भाग एका कडेवर टेकतो आणि नट पुरेसा आवळल्यासारखा वाटूनही सैल होतो. ९८ आणि १०० चीही तीच गोष्ट. जुन्या फियाट पालिओचा पीसीडी ९८ आहे, तिची चाकं मारुतीवर 'जातात' म्हणून बसवू नयेत.

दुसरं माप सेंटर बोअरचं, म्हणजे चाकाच्या मधल्या भोकाचं आणि ते ज्याच्यावर बसतं त्या हबच्या कडेचं. हबच्या मधोमध जी गोल कड बाहेर आलेली असते तिचा व्यास मोजा. स्विफ्ट, बलेनो आणि आय-२० ला तो ५४.१ मिमी आहे, होंडा सिटीला ५६.१, ब्रेझाला ६०.१, क्रेटाला ६७.१, पोलो व व्हर्टसला ५७.१, जिम्नीला १०८. चाक मध्यावर आणायचं काम ही कड करते. स्पेसरचं आतलं भोक या व्यासाला घट्ट, हाताने दाबून बसेल इतकं हवं आणि स्पेसरच्या बाहेरच्या तोंडावर तशीच एक कड हवी, जिच्यावर चाकाचं भोक बसेल. याला हब-सेंट्रिक म्हणतात. ही दोन मापं वेगळी असू शकतात, आणि गोंधळ होतो तो इथेच. क्रेटाची अ‍ॅलॉय ब्रेझावर लावायची म्हटली तर दोघांचा पीसीडी ५ × ११४.३, चाक सहज आत जातं, बघणाऱ्याला वाटतं बसलं. पण बोअर ६७.१ आणि हब ६०.१, म्हणजे सगळीकडून साडेतीन मिमीची फट. चाक नुसतं नटांवर लटकतं. अशा जोडीला स्पेसर घ्यायचा तर आतून ६०.१ आणि बाहेरून ६७.१ असाच मागा. 'सगळ्या गाड्यांना चालतो' म्हणून विकला जाणारा लांबट भोकांचा पातळ चकतीसारखा स्पेसर कुठल्याच गाडीला धड बसत नाही. त्याला मध्य नसतो आणि भोकांत निम्मा पृष्ठभाग गेलेला असतो. तो फुकट मिळाला तरी लावू नका.

तिसरं माप आट्यांचं. मारुती सुझुकीचे स्टड १२ × १.२५ (१२ मिमी जाडी, दोन आट्यांत १.२५ मिमी अंतर), तर ह्युंदाई, होंडाचे १२ × १.५. पोलो, व्हर्टस, टायगुन यांना स्टड नसून १४ × १.५ चे बोल्ट आहेत. १.५ चा नट १.२५ च्या स्टडवर दोन-तीन फेरे जातो आणि अडकतो. हाताला ते लगेच कळतं. नट आवळायच्या यांत्रिक गनला कळत नाही, ती जोर लावत राहते आणि आटे सोलून काढते.

चौथं माप नटाच्या बैठकीचं, म्हणजे नट चाकावर जिथे टेकतो त्या जागेच्या आकाराचं, जे जवळपास कुणीच बघत नाही. बाजारातल्या बहुतेक अ‍ॅलॉयना ६० अंशांच्या शंकूचा नट लागतो. होंडाच्या कंपनीच्या चाकांना गोलाकार बैठकीचा नट असतो, फोक्सवॅगनच्या बोल्टचीही बैठक गोल. सिटीची कंपनी अ‍ॅलॉय स्विफ्टवर चढवताना स्विफ्टचे शंकूवाले नट वापरले तर ते गोल बैठकीत एका बारीक रेषेवर टेकतात. तिथे १२ × १.२५ आट्यांचे, पण गोल बैठकीचे नट मिळवावे लागतात. नट आणि बैठक जुळतात का ते बघायला नटाला मार्करची शाई लावा, हाताने टेकवून फिरवा आणि काढा. शाई बैठकीत पूर्ण गोल पट्ट्यासारखी उमटली पाहिजे. पातळ रेघ उमटली तर नट चुकीचा.

आटे मोजणं: हे काम दुकानदारावर सोडू नका

जे चाक कायम गाडीवर राहणार आहे, तेच लावून हे करायचं. लोखंडी रिमचा पत्रा पातळ असतो, अ‍ॅलॉयची बैठक बरीच जाड. लोखंडी रिमवर मोजलेले फेरे अ‍ॅलॉयवर लागू पडत नाहीत.

चाक हबला टेकवून धरा. एक नट हाताने स्टडच्या टोकाला लावा, आटे पहिल्यांदा धरतील तिथून बैठकीला टेकेपर्यंत पूर्ण फेरे मोजा. नटावर मार्करने एक ठिपका दिला की मोजणी चुकत नाही. किमान पकड स्टडच्या व्यासाएवढी हवी. १२ × १.२५ ला १२ मिमी म्हणजे दहा फेरे, १२ × १.५ ला आठ फेरे, १४ × १.५ ला साडेनऊ फेरे.

आता समजा मारुतीच्या गाडीत अ‍ॅलॉय लावून तेरा फेरे बसले. म्हणजे १६.२५ मिमी पकड. ५ मिमीचा स्पेसर लावला की ११.२५ उरली, म्हणजे नऊ फेरे. हे कमी आहे, या स्टडवर ५ मिमी बसत नाही. ३ मिमीचा लावला तर १३.२५ उरते, तो चालेल. एवढ्या साध्या हिशेबाने वाद मिटतो. टोकं बंद असलेले टोपीवाले नट असतील तर उलटा धोकाही बघा: स्टड लांब आणि टोपी उथळ असेल तर नट चाकाला टेकण्याआधी टोपीच्या तळाला टेकतो, ठरवलेला जोर आला की वाजणारा टॉर्क पाना 'कट' वाजतो आणि चाक सैलच राहतं.

याच वेळी हबची कडही मोजा. डिस्क किंवा ड्रमच्या तोंडापासून ती किती बाहेर आहे ते बघा. ९ मिमी बाहेर असेल आणि ३ मिमीचा साधा स्पेसर मध्ये आला तर ६ मिमी उरते. चाकाच्या भोकाच्या तोंडाला २ मिमीचा उतार असेल तर प्रत्यक्ष ४ मिमीवर चाक टेकतं, हे ठीक आहे. ८ मिमीचा स्पेसर लावला तर काहीच उरत नाही, आणि एवढ्या पातळ स्पेसरला स्वतःची धड कड देणंही अवघड. ६ ते १२ मिमी हा पट्टा म्हणूनच सगळ्यात कटकटीचा आहे. हबची कड संपलेली असते आणि बोल्ट-ऑनला, म्हणजे हबला आवळायच्या, स्वतःचे स्टड असलेल्या स्पेसरला, जाडी पुरत नाही.

स्लिप-ऑन की बोल्ट-ऑन

३ ते ५ मिमी असेल तर हबवर नुसता सरकवायचा स्लिप-ऑन, तोही फेरे पुरत असतील तरच. त्याहून जाड स्लिप-ऑनला लांब स्टड लावावे लागतात. लांब स्टड घेताना त्याच्या मुळाशी असलेल्या खाचांच्या भागाचा व्यास मूळ स्टडशी तंतोतंत जुळवा आणि ते हायड्रॉलिक प्रेसवर बसवून घ्या. नट आणि गनने ओढून बसवलेला स्टड आतच ताणला गेलेला असतो. बोल्टच्या गाड्यांना मूळ बोल्टपेक्षा स्पेसरच्या जाडीएवढाच जास्त लांब बोल्ट घ्यायचा, मूळ बैठकीचाच. त्याहून लांब घेतला तर मागच्या ड्रमच्या आत जाऊन ब्रेकच्या भागांना लागतो. बसवल्यावर चाक हाताने दोन फेरे फिरवून कान देऊन ऐका.

२० मिमी आणि पुढे बोल्ट-ऑन: स्पेसर हबच्या स्टडवर स्वतःच्या आखूड नटांनी आवळायचा आणि चाक स्पेसरच्या स्टडवर. इथे एक सापळा आहे. हबचा स्टड २८ मिमी बाहेर असेल आणि स्पेसर २० मिमीचा, तर स्टडचं ८ मिमी टोक स्पेसरच्या तोंडाबाहेर येतं. अ‍ॅलॉयच्या पाठीला त्या जागी पुरेसे खोल खड्डे असतील तर टोक त्यात जातं. लोखंडी रिमला असे खड्डे सहसा नसतात, मग चाक टोकांवर टेकतं आणि स्पेसरला टेकतच नाही. यावर ग्राइंडरने स्टड कापून देतो म्हणणारे भेटतील. कापू देऊ नका. कापलेल्या स्टडवर स्पेसरशिवाय चाक पुन्हा कधीच सुरक्षित बसणार नाही. २५ किंवा ३० मिमीचा स्पेसर लागतोय असं वाटत असेल तर चाकच चुकीचं निवडलंय, ते बदला.

दोन स्पेसर एकावर एक लावणं आणि स्पेसरऐवजी नटामागे वायसर घालणं, या दोन्ही गोष्टी कुठल्याही कारणासाठी करायच्या नाहीत. आणि स्पेसर एका आसाच्या दोन्ही चाकांना सारखाच.

माल पारखणं आणि भोसरीत करून घेणं

चांगला स्पेसर अ‍ॅल्युमिनियमच्या सलग ठोकळ्यातून किंवा फोर्जिंगमधून कातलेला असतो, ६०६१-टी६ किंवा तत्सम. ओतीव माल ओळखता येतो: कडेला साच्याची बारीक रेघ, न कातलेल्या भागावर रवाळपणा, भोकांत सुईच्या टोकाएवढे खड्डे. कातलेल्या मालावर सगळीकडे हत्याराच्या बारीक वर्तुळाकार रेषा दिसतात. नावापुरतं 'बिलेट' कोरलेलं असलं तरी या खुणा बघाच. बोल्ट-ऑनच्या स्टडवर १०.९ हा दर्जा कोरलेला हवा. टीयूव्ही या जर्मन तपासणी संस्थेची मान्यता असलेला माल असेल तर तिच्या कागदात तुमच्या गाडीचं आणि जाडीचं नाव आहे का ते वाचा.

पुण्यात एक सोय आहे जी फार थोड्या शहरांत आहे. भोसरी-चिंचवड पट्ट्यात सीएनसीची इतकी वर्कशॉप आहेत की हवा तसा स्पेसर करून मिळतो. पण 'हा नमुना, असाच एक करा' म्हणून जुना स्पेसर टेकवू नका. ड्रॉइंग द्या. त्यावर एवढं असू द्या: जाडी, पीसीडी, आतला बोअर अधिक ०.०५ आणि उणे शून्य, बाहेरच्या कडेचा व्यास चाकाच्या बोअरपेक्षा ०.०५ ते ०.१ मिमी कमी, दोन्ही तोंडांची समांतरता ०.०५ मिमीच्या आत, आतला बोअर आणि बाहेरची कड एकाच सेटिंगमध्ये कातलेली. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं आहे. कातायचा तुकडा यंत्राच्या पकडीतून (चकमधून) काढून उलटा धरला की दोन वर्तुळांचे मध्य सरकतात आणि तो फरक ८० च्या वेगाला स्टिअरिंगमध्ये थरथर होऊन येतो. बाजारात एचई-३० या नावाने मिळणारी प्लेट म्हणजे ६०८२, टी६ अवस्थेत ती या कामाला चालते. मटेरियलचं टेस्ट सर्टिफिकेट मागा, भंगारातला दांडा नको. आतल्या बोअरच्या तोंडाला एक मिमीचा उतार द्यायला सांगा, कारण हबच्या कडेच्या मुळाशी छोटी गोलाई असते आणि उतार नसेल तर स्पेसर तिच्यावर टेकून डिस्कपासून केसभर उचललेला राहतो.

बसवणं

हब थंड असू द्या. डिस्कचं तोंड आणि मधली कड वायर ब्रशने उघड्या धातूपर्यंत साफ करा. स्टडच्या मुळाशी कारखान्यात घातलेल्या पातळ पत्र्याच्या चकत्या असतील तर काढून टाका. डिस्क धरून ठेवणारा स्क्रू तोंडाच्या वर आलेला नाही ना, बोट फिरवून बघा. पुण्यातल्या पावसाळ्यानंतर मागच्या ड्रमवर गंजाचे चिवट पापुद्रे असतात, त्यांना दहा मिनिटं जास्त द्या.

स्पेसर कोरडाच हाताने बसवा. ठोकावा लागला तर बोअर छोटा आहे किंवा गंज राहिलाय. बसल्यावर चार बाजूंनी अंगठ्याने दाबा, डुगडुग नको. फीलर गेजचं ०.०५ चं पातं स्पेसर आणि डिस्कमध्ये कुठेही जाता कामा नये. शाईची चाचणी इथेही करा: डिस्कवर मार्कर फिरवा, स्पेसर दाबून थोडा फिरवा, काढा. नटांच्या भोवतालच्या भागात शाई सगळीकडे उमटली की बैठक बरोबर. डायल गेज मिळाला तर स्पेसरच्या तोंडावर लावून हब फिरवा, काटा ०.१ मिमीपेक्षा जास्त हलू नये.

हबच्या कडेवर अँटी-सीझचा (धातू एकमेकांना चिकटू न देणाऱ्या लेपाचा) अगदी पातळ हात द्या. आट्यांवर तेल-ग्रीस नको. तेलकट आट्यांवर त्याच टॉर्कला स्टड खूप जास्त ताणला जातो. नट आधी हाताने, मग आडवे-तिडवे, तीन टप्प्यांत आवळा. १०० न्यूटन-मीटर गाठायचे असतील तर ४०, ७०, १००. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला घ्या: होंडाचा १०८ आहे, पोलोचा १२०. बोल्ट-ऑनमध्ये आतले नट स्पेसर बनवणाऱ्याने दिलेल्या टॉर्कला आवळा आणि त्यांची डोकी स्पेसरच्या तोंडाच्या वर आलेली नाहीत हे पट्टी आडवी धरून तपासा. टायरच्या दुकानात काम करून घेत असाल तर गन लावायच्या आधीच सांगा की दादा, नट हाताने टॉर्क पान्यावर आवळायचे आहेत.

घासतंय का

गाडी सपाट जागी उभी करा. फेंडरच्या कडेवरून ओळंबा सोडा आणि दोरीपासून टायरच्या सगळ्यात फुगीर भागापर्यंत मोजा. जी फट येते ती सगळी वापरायची नसते, १० मिमी राखून ठेवा. टायर फेंडरच्या बाहेर आला तर पावसात चिखल दारावर आणि मागच्या काचेवर उडतो, पोलिसांचंही लक्ष जातं.

खरी परीक्षा भार टाकून. चार मोठी माणसं बसवा, डिकीत सामान टाका, लायनरच्या, म्हणजे चाकावरच्या कमानीतल्या अस्तराच्या, आतल्या बाजूला खडू फासा. मग सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगच्या उतारावर स्टिअरिंग पूर्ण वळवून दोन्हीकडे फिरा. वळलेलं चाक आणि दाबलेलं सस्पेन्शन एकत्र येणारी ही सगळ्यात अवघड जागा आहे. एखादा उंच गतिरोधक सरळही घ्या. खडू कुठे पुसला गेला ते बघा. लायनरचा स्क्रू घासत असेल तर तो सरकवता येतो. फेंडरची पत्र्याची कड टायरला लागत असेल तर स्पेसर कमी करा.

त्यानंतर ५० किलोमीटरवर आणि पुन्हा ५०० वर नट टॉर्क पान्याने तपासा. बोल्ट-ऑनमध्ये दोन्ही वेळा चाक काढून आतले नटही तपासावे लागतात, आणि नेमकं तेच बहुतेक जण टाळतात. अलाइनमेंट एकदा बघून घ्या. बॅलन्सिंग चाकाचंच होतं, स्पेसरचं होत नाही, म्हणून बॅलन्सिंग करूनही कात्रज बायपासवर ८० ते १०० ला थरथर राहिली तर दोष मध्य न जुळण्यात आहे. पुन्हा पुन्हा वजनं चिकटवत बसू नका.

आरटीओ आणि विमा

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून हटणाऱ्या बदलांना आडकाठी करतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्याचा अर्थ कडकच लावला. कलम १८२-अ नुसार मालकाला अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड होऊ शकतो, सहा महिन्यांपर्यंतच्या शिक्षेचीही तरतूद आहे. कंपनीच्या वॉरंटीत बेअरिंग किंवा सस्पेन्शनचा दावा स्पेसर दिसताच अडतो. विमा कंपनीला बदल लेखी कळवा आणि उत्तर जपून ठेवा. तोंडी 'चालतंय' पुढे कामाला येत नाही.

चालवताना काय ऐकायचं, काय बघायचं

हळू वळताना चाकातून टिक-टिक आवाज आला तर लगेच थांबा, नट सैल आहे. नटाच्या भोवती लालसर भुकटी किंवा बैठकीपासून बाहेर गेलेल्या तांबूस रेघा दिसल्या तर चाक हलतंय, स्टड आतून झिजतायत. एक स्टड तुटला तर त्या हबचे सगळे बदला, बाकीच्यांनीही तोच मार खाल्लेला असतो. वेगाबरोबर चढत जाणारी घूं-घूं आणि वळणावर तिचा सूर बदलणं हे बेअरिंगचं लक्षण.

अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड ओलाव्यात एकत्र राहिले की पांढरट गंज धरतो आणि स्पेसर हबला चिकटून बसतो. म्हणून पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा स्पेसर काढून साफ करा. चिकटलेला स्पेसर हातोडीने ठोकू नका, पेनेट्रेटिंग तेल सोडून तासभर थांबा आणि लाकडाच्या ठोकळ्याने आळीपाळीने टोला द्या.

आणि स्टेपनी. ती बहुधा लोखंडी रिमचीच असते. घरी, दिवसाउजेडी एकदा ती स्पेसरवर चढवून बघा: टोकं आड येतात का, नटाची बैठक जुळते का, फेरे पुरतात का. नसेल जमत तर पंक्चरच्या वेळी स्पेसर काढून स्टेपनी थेट हबवर लावावी लागेल, त्यासाठी मूळ नट किंवा बोल्टचा पूर्ण संच, आतल्या नटांपर्यंत पोचणारा पातळ भिंतीचा सॉकेट आणि टॉर्क पाना डिकीत असू द्या. ताम्हिणी किंवा वरंध घाटात पावसात यांतलं काहीही उसनं मिळत नाही.